बूव्हे बेट

दक्षिण अटलांटिक महासागरातील, नॉर्वेच्या मालकीचे एक ज्वालामुखीजन्य, हिमाच्छादित व निर्जन बेट. ५४° २५′ द. अक्षांश व ३° २२′ पू. रेखांश यांच्याजवळ ते वसले आहे. क्षेत्रफळ सु. ४९ चौ. किमी.; पूर्व-पश्चिम लांबी सु. ९·५ किमी. व दक्षिणोत्तर रुंदी सु. ७ किमी. कोणत्याही भूमीपासून इतके दूर असलेले दुसरे बेट जगात नाही, असे सामान्यतः मानले जाते. त्याला सर्वांत जवळची भूमी म्हणजे दक्षिणेस सु. १,७०० किमी. वर असलेला अंटार्क्टिकातील क्वीन मॉड लँडचा किनारा. परंतु तीही बर्फाखालीच आहे. उत्तरेकडील गफ बेट सु. १,८५० किमी., तर आफ्रिकेचे दक्षिण टोक सु. २,५०० किमी. अंतरावर आहे. कायम मनुष्यवस्ती असलेले सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे त्रिस्तान द कूना हे बेट, तेही सु. २,२५० किमी. दूर आहे.

बूव्हे बेटावर मनुष्यवस्ती कधीही नव्हती. येथे बंदर नाही, शेतीयोग्य जमीन नाही व खनिजांचे उत्पादनही नाही. तरीसुद्धा भूगोलविद्येच्या इतिहासात या लहानशा बेटाला महत्त्वाचे स्थान आहे. त्याचा शोध १७३९ मध्ये लागला. पण ते नेमके कोठे आहे, हे निश्चित व्हायला १८९८ साल उजाडावे लागले. मधल्या १५९ वर्षांत ते कधी दक्षिण खंडाचा किनारा ठरले, कधी केवळ हिमनगांचा समूह ठरले, तर कधी एकाची तीन-चार बेटे झाली. पाहिलेली वस्तू आणि सिद्ध झालेली वस्तू यांत किती अंतर असू शकते, याचे हे बेट एक बोधप्रद उदाहरण होय. या दीर्घ अनिश्चिततेची कारणे काही अंशी तत्कालीन नौकानयनशास्त्राच्या मर्यादांत, तर काही अंशी बेटाच्या नैसर्गिक रचनेत सापडतात.

भूवर्णन : बूव्हे बेट हे समुद्रतळापासून उभारलेल्या एका विस्तीर्ण ढालीसारख्या ज्वालामुखीचा पाण्याबाहेर आलेला माथा आहे. आफ्रिकी, दक्षिण अमेरिकी व अंटार्क्टिक हे तीन भूपट्ट जेथे एकत्र येतात, ती ‘बूव्हे त्रिसंधी’ या बेटाच्या पश्चिमेस काही शे किमी. वर आहे. हे भूपट्ट परस्परांपासून दूर सरकत असल्याने तेथे समुद्रतळाशी नवे कवच सतत तयार होत असते. बेटावरील खडक प्रामुख्याने बेसाल्टी असून काही ठिकाणी रायोलाइट व काचेसारखा ऑब्सिडियन हेही आढळतात. भूवैज्ञानिक दृष्ट्या बेट अगदी तरुण असून त्याचे उघडे पडलेले खडक दहा लाख वर्षांहून कमी वयाचे आहेत. ऐतिहासिक काळात येथे उद्रेक झाल्याची नोंद नाही; तथापि किनाऱ्यावर काही ठिकाणी उष्ण वाफ बाहेर पडते, त्यावरून अंतर्गत उष्णता अद्याप शिल्लक असल्याचे दिसते.

बेटाच्या मध्यभागी ज्वालामुखीचे खचलेले विस्तीर्ण मुख असून ते बर्फाने भरलेले आहे. त्याला विल्हेल्म पठार असे नाव आहे. त्याच्या कडेवरील ओलाव्हटोपेन हे सर्वोच्च शिखर समुद्रसपाटीपासून ७८० मी. उंच आहे. बेटाचा सु. ९३% भाग बर्फाखाली आहे. उत्तरेकडील पोसाडोव्हस्की व दक्षिणेकडील क्रिस्टेनसेन या हिमनद्या मुख्य असून दक्षिण व पूर्व बाजूंनी बर्फाचे कडे थेट समुद्रात उतरतात. पश्चिम व वायव्य किनाऱ्यांवर काळ्या खडकांचे उभे कडे व त्यांच्या पायथ्याशी अरुंद, लाटांनी धुतले जाणारे पुळण आढळते. नैर्ऋत्येस लार्स हे लहान बेट आहे. जहाजाला सुरक्षितपणे नांगर टाकता येईल असे आखात किनाऱ्यावर कोठेही नाही. पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यातील प्रचंड लाटांमुळे होडीने किनाऱ्यास लागणे वर्षातील बहुतेक दिवस अशक्य असते. यामुळे बेटाजवळ पोहोचलेल्या अनेक मोहिमांना त्यावर पाऊल न ठेवताच परतावे लागले.

हवामान : बेट अंटार्क्टिक अभिसरण सीमेच्या दक्षिणेस, म्हणजे ध्रुवीय प्रदेशाकडील थंड पाणी व उत्तरेकडील तुलनेने उबदार पाणी जेथे मिळतात त्या सीमेच्या पलीकडे आहे. त्यामुळे अक्षांशाच्या मानाने येथील हवामान अतिशय थंड आहे. उत्तर गोलार्धात एवढ्याच अक्षांशावर इंग्लंड व डेन्मार्कसारखे दाट वस्तीचे देश आहेत. बूव्हे बेटाचे वार्षिक सरासरी तापमान मात्र सु. –१° से. असते. सागरी परिणामामुळे उन्हाळा व हिवाळा यांच्या तापमानांत फारसा फरक पडत नाही. हिवाळ्यात तरत्या बर्फाचे थर बेटापर्यंत येतात. आकाश बहुधा ढगाळ असून धुके व हिमवर्षाव नेहमीचेच असतात. निरभ्र हवेत ७८० मी. उंचीचे शिखर तत्त्वतः सु. १०० किमी. अंतरावरून क्षितिजावर दिसावयास हवे. परंतु येथील धुक्यात काही किमी. वरून गेलेल्या जहाजालाही बेटाचा पत्ता लागत नाही. शिवाय बर्फाने झाकलेले बेट आणि त्याच समुद्रातून वाहत जाणारे प्रचंड सपाट माथ्याचे हिमनग यांत दुरून फरक करणे अवघड जाते.

वनस्पती व प्राणी : बर्फमुक्त जमीन फार थोडी असल्याने वनस्पतिजीवन अत्यंत मर्यादित आहे. फुले येणाऱ्या वनस्पती किंवा नेचे येथे नाहीत. केवळ शैवाक (दगडफूल), शेवाळी, यकृतका, शैवले व कवके आढळतात. वाफ बाहेर पडणाऱ्या उबदार जमिनीवर शेवाळी व यकृतका अधिक जोमाने वाढतात. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांपैकी सूक्ष्म कोळीवर्गीय माइट व स्प्रिंगटेल यांसारखे लहान संधिपाद तेवढे आहेत. बेटावरील खरी समृद्धी समुद्रावर अवलंबून आहे. भोवतालच्या पाण्यात विपुल असलेल्या क्रिल या लहान कवचधारी प्राण्यांवर पेंग्विन, पेट्रेल व सील उपजीविका करतात. मॅकरोनी व चिनस्ट्रॅप या पेंग्विनांच्या वसाहती, तसेच दक्षिणी फुलमार, केप पेट्रेल, हिम पेट्रेल इ. पक्षी येथे उल्लेखनीय आहेत. सस्तन प्राण्यांपैकी अंटार्क्टिक फर सील व हत्ती सील किनाऱ्यावर येतात. एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या प्रारंभी सीलांची शिकार झाली. संरक्षण मिळाल्यावर फर सीलांची संख्या पुन्हा वाढून १९९८–९९ च्या सुमारास ती सु. ६६,००० पर्यंत गेली. दक्षिण जॉर्जियाच्या खालोखाल ही या जातीची मोठी वसाहत समजली जाते.

शोध : पंधराव्या-सोळाव्या शतकांपासून यूरोपीय भूगोलज्ञांत अशी समजूत दृढ होती, की उत्तर गोलार्धातील भूखंडांचा समतोल राखण्यासाठी दक्षिणेस एक विशाल खंड असलाच पाहिजे. बिनो पोल्म्ये द गॉनव्हील हा फ्रेंच नाविक १५०३–०५ च्या सफरीत वादळाने भरकटून एका सुपीक प्रदेशात पोहोचला होता. तो प्रदेश दक्षिण ब्राझीलचा किनारा असावा, असे आज मानले जाते. पण अठराव्या शतकातील फ्रेंचांच्या दृष्टीने तो दक्षिण खंडाचाच भाग होता. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांसाठी ताजे पाणी व अन्न मिळण्याचे ठाणे तेथे स्थापावे, असा विचार फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी झां बातीस्त शार्ल बूव्हे द लोझ्ये (१७०५–८६) याने मांडला. कंपनीने त्याला ‘एगल’ व ‘मारी’ ही दोन जहाजे दिली. जुलै १७३८ मध्ये लोरियां बंदरातून निघालेल्या या मोहिमेने दाट धुके व हिमनग यांतून वाट काढीत १ जानेवारी १७३९ रोजी उंच, बर्फाच्छादित भूमी पाहिली. ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे त्या दिवशी असलेल्या येशूच्या सुंतेच्या सणावरून बूव्हेने तिला ‘सर्कम्सिझन भूशिर’ असे नाव दिले.

सु. बारा दिवस प्रयत्न करूनही बर्फ व धुके यांमुळे त्याला किनाऱ्याजवळ जाता आले नाही. आपण पाहिले ते बेट आहे की खंडाचे टोक, हेही त्याला ठरविता आले नाही. एवढे प्रचंड हिमनग मोठ्या भूमीवाचून निर्माण होणार नाहीत, असा तर्क करून ते खंडाचेच टोक असावे, या मताकडे तो झुकला. हा तर्क मुळात चुकीचा नव्हता. ते हिमनग एका खंडावरूनच आलेले होते. मात्र तो खंड बूव्हेने पाहिलेल्या भूमीच्या आणखी सु. १,७०० किमी. दक्षिणेस होता. फ्रेंच भूगोलज्ञ फिलिप ब्वाश याने १७३९ मध्येच या शोधाच्या आधारे दक्षिणेकडील भूमींचा नकाशा तयार केला आणि बेटाचा एक लहान कडा नकाशावर खंडाचा किनारा झाला.

बूव्हेच्या पुढील कार्यक्षेत्राचा संबंध भारताशी आला. तो हिंदी महासागरातील फ्रेंच बेटांचा गव्हर्नर झाला. १७४८ मध्ये इंग्रज आरमाराला चुकवून त्याने, त्या वेळी फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या मद्रासला सैनिक व द्रव्य पोहोचविले होते. तो कुशल नाविक होता. त्याने नोंदविलेले बेटाचे स्थान चुकले, याचा दोष त्याच्या कौशल्याकडे नव्हे, तर त्या काळच्या साधनांकडे जातो.

रेखांशाचा प्रश्न : सूर्य किंवा तारे यांच्या उंचीवरून अक्षांश काढण्याची पद्धत बूव्हेच्या काळी चांगली प्रगत झाली होती; त्यामुळे त्याने दिलेला सु. ५४° द. हा अक्षांश जवळजवळ बरोबर आहे. रेखांशाची गोष्ट वेगळी होती. पृथ्वी एका तासात १५° फिरते, म्हणून एखाद्या ठिकाणची स्थानिक वेळ व प्रमाण ठिकाणची त्याच क्षणीची वेळ यांतील फरकावरून रेखांश मिळतो. परंतु हेलकावणाऱ्या जहाजावर महिनोन् महिने प्रमाण वेळ अचूक दाखविणारे घड्याळ त्या वेळी उपलब्ध नव्हते. इंग्लंडमधील जॉन हॅरिसन याच्या चौथ्या कालमापकाची सागरी चाचणी १७६१–६२ मध्ये झाली. तोपर्यंत नाविकाला जहाजाचा वेग, दिशा व गेलेला काळ यांवरून पूर्व-पश्चिम अंतराचा अदमास करावा लागे. गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडून वेग मोजला जाई. परंतु पाण्याचा प्रवाह जहाजाला किती वाहून नेत आहे, हे या पद्धतीने कळत नसे. लांबच्या सफरीत अशा चुका साचत जात.

बूव्हेने आपले रेखांश टेनेरीफ बेटापासून मोजले होते. ग्रिनिचच्या हिशेबाने त्याच्या भूशिराचे स्थान सु. ११° पू. येते, तर बेटाचे खरे स्थान ३° २२′ पू. आहे. ही सु. ८ अंशांची चूक वेळेच्या भाषेत सु. बत्तीस मिनिटांची होते. या अक्षांशावर एका अंशाचे अंतर सु. ६५ किमी. असल्याने नकाशावर बेट आपल्या जागेपासून सु. ५०० किमी. पूर्वेस सरकले. दहा किमी. हूनही कमी लांबीचे बेट पुन्हा सापडण्याच्या दृष्टीने ही चूक फार मोठी होती.

कुकचा निष्कर्ष : ब्रिटिश नौदलाने जेम्स कुक याला दुसऱ्या सफरीवर (१७७२–७५) पाठविताना सर्कम्सिझन भूशिराचा शोध घेण्याची आज्ञा दिली होती. कुकजवळ लार्कम केंडल याने हॅरिसनच्या नमुन्यावरून तयार केलेला कालमापक होता. त्यामुळे आपण कोणत्या रेखांशावर आहोत, हे बूव्हेपेक्षा त्याला पुष्कळच अचूकपणे माहीत होते. १७७२ च्या अखेरीस व १७७३ च्या प्रारंभी बर्फाच्या अडथळ्यातून त्याने बूव्हेने दिलेल्या रेखांशापर्यंत मजल मारली. पण भूमी दिसली नाही. फेब्रुवारी १७७५ मध्ये परतीच्या वाटेवर त्याने पुन्हा शोध घेतला. या वेळी तो भूशिराच्या अक्षांशावर आला तो खऱ्या बेटाच्या पूर्वेस, आणि तेथून बूव्हेने सांगितलेल्या स्थानाच्या रोखाने आणखी पूर्वेकडे गेला. म्हणजे प्रत्यक्षात तो बेटापासून दूर जात होता. बूव्हेला दिसलेली वस्तू हिमनग असावी, असे मत त्याने नोंदविले.

कुकच्या निरीक्षणांतून दोन गोष्टी सिद्ध होत होत्या : बूव्हेने सांगितलेल्या ठिकाणी भूमी नाही आणि त्या भागात मोठा खंडही नाही. दोन्ही बरोबर होत्या. परंतु ‘सांगितलेल्या ठिकाणी भूमी नाही’ यावरून ‘भूमी पाहिलीच गेली नाही’ असे अनुमान निघत नाही. स्थान चुकले असण्याची शक्यता उरतेच. कुकचा अधिकार व त्याच्या मोजमापांची अचूकता इतकी सर्वमान्य होती, की अधिक चांगल्या साधनाने काढलेला हा चुकीचा निष्कर्ष पुढे तीन दशकांहून अधिक काळ प्रमाण मानला गेला.

एकाची अनेक बेटे : १८०८ मध्ये लंडनच्या एंडरबी या देवमासे-शिकार करणाऱ्या पेढीच्या ‘स्वॉन’ व ‘ऑटर’ या जहाजांनी बेट पुन्हा पाहिले. ‘स्वॉन’चा कप्तान जेम्स लिंडसे याने दिलेले रेखांश खऱ्या रेखांशापासून सु. एका अंशाच्या आत होते. बर्फामुळे त्यालाही किनाऱ्यावर उतरता आले नाही. मात्र आपण पाहिले ते बेट आहे, हे त्याने ओळखले. पुढे काही नकाशांवर त्याला लिंडसे बेट हे नाव मिळाले. १८२२ मध्ये आपण बेटावर उतरून सीलांची शिकार केली, असा दावा अमेरिकन कप्तान बेंजामिन मॉरेल याने केला. पण त्याच्या वर्णनात बेटाच्या सर्वांत ठळक लक्षणाचा, म्हणजे सर्वत्र पसरलेल्या बर्फाचा उल्लेखच नसल्याने त्याबद्दल शंका घेतली जाते.

डिसेंबर १८२५ मध्ये एंडरबी पेढीचाच कप्तान जॉर्ज नॉरिस ‘स्प्राइटली’ व ‘लाइव्हली’ ही जहाजे घेऊन येथे आला. १६ डिसेंबर रोजी त्याची माणसे किनाऱ्यावर उतरली. नॉरिसने बेटाला ‘लिव्हरपूल बेट’ असे नाव देऊन राजा चौथा जॉर्ज याच्या नावे त्याचा ताबा घेतला. त्याच सफरीत ईशान्येच्या बाजूस सु. ७० किमी. वर आणखी एक लहान बेट पाहिल्याचे त्याने नोंदविले व त्याला ‘टॉम्पसन बेट’ असे नाव दिले. आता नकाशाकारांपुढे बूव्हेचे भूशिर, लिंडसे बेट, लिव्हरपूल बेट व टॉम्पसन बेट अशी चार नावे आणि चार निरनिराळी स्थाने होती. यांतील कोणती एकच आहेत व कोणती वेगळी, हे ठरविण्याचे साधन नव्हते.

ब्रिटिश नौदलाच्या पुढील मोहिमांनी गोंधळ वाढविला. जेम्स क्लार्क रॉस याला १८४३ मध्ये ‘एरेबस’ व ‘टेरर’ या जहाजांनिशी, तर मूर याला १८४५ मध्ये ‘पगोडा’ या जहाजातून शोध घेऊनही यांपैकी एकही बेट सापडले नाही. दोघेही अनुभवी निरीक्षक होते. परंतु धुक्यात बेट दृष्टीआड राहणे हे येथे अपवादात्मक नाही. अमेरिकन सील-शिकारी जोसेफ फुलर याने १८९३ मध्ये आपण टॉम्पसन बेट पाहिल्याचे सांगितले. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खऱ्या बेटाच्या अस्तित्वाबद्दल शंका आणि अस्तित्वात नसलेल्या बेटाबद्दल दुजोरा, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली होती.

स्थाननिश्चिती : या प्रश्नाचा निकाल जर्मन खोलसमुद्र मोहिमेने (१८९८–९९) लावला. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल कून हा तिचा प्रमुख व क्रेख हा ‘व्हॅल्डिव्हिया’ या जहाजाचा कप्तान होता. या मोहिमेने बूव्हे, लिंडसे व नॉरिस यांनी दिलेल्या स्थानांच्या आसपासचा टापू पद्धतशीरपणे पिंजून काढला. २५ नोव्हेंबर १८९८ रोजी बेट दिसले. त्याभोवती फिरून मोहिमेने त्याचे स्थान निश्चित केले, छायाचित्रे घेतली, भोवतालच्या समुद्राची खोली मोजली आणि समुद्रतळावरील खडक व प्राणी यांचे नमुने मिळविले. बेटावर उतरणे तिलाही शक्य झाले नाही. तथापि बूव्हे, लिंडसे व नॉरिस यांनी पाहिलेली भूमी एकच होती, हे आता स्पष्ट झाले. मूळ शोधकाचे नाव बेटाला कायम राहिले आणि ‘सर्कम्सिझन भूशिर’ हे नाव बेटाच्या वायव्य टोकाला मिळाले.

टॉम्पसन बेटाचा प्रश्न मात्र उरला. ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही काही नकाशांवर दाखविले जात असे. नंतर ते सापडत नसल्याने ज्वालामुखीच्या स्फोटात ते नष्ट झाले असावे, अशी कल्पनाही मांडण्यात आली. परंतु त्या ठिकाणी समुद्र २,००० मी. हून अधिक खोल असल्याचे खोलीमापनावरून दिसून आले आहे. त्यामुळे तेथे अलीकडच्या काळात एखादे बेट असून ते नाहीसे झाले असणे संभवत नाही. नॉरिसला दिसले ते बहुधा दगडमातीने माखलेले हिमनग किंवा वेगळ्या दिशेने दिसलेले बूव्हे बेटच असावे.

स्वामित्व : कागदावरील या बेटाचा परिणाम आंतरराष्ट्रीय राजकारणावरही झाला. १९२० नंतर दक्षिण महासागरातील देवमाशांच्या शिकारीत नॉर्वेजियन उद्योजक आघाडीवर होते. पण दक्षिण जॉर्जियासारखी सोयीची ठाणी ब्रिटनच्या ताब्यात असल्याने त्यांना ब्रिटिश परवाने व कर यांवर अवलंबून राहावे लागे. स्वतंत्र ठाण्याच्या शोधार्थ लार्स क्रिस्टेनसेन या जहाजमालकाने ‘नॉर्व्हेगिया’ हे जहाज पाठविले. हाराल हॉर्न्टव्हेट याच्या नेतृत्वाखालील ही मोहीम १ डिसेंबर १९२७ रोजी बेटावर उतरली. तिने सु. एक महिना तेथे घालविला, पाहणी केली आणि बेट नॉर्वेच्या नावे ताब्यात घेतले. २३ जानेवारी १९२८ च्या राजाज्ञेने या ताब्याला मान्यता देण्यात आली.

ब्रिटनने नॉरिसच्या १८२५ मधील घोषणेच्या आधारे आक्षेप घेतला. परंतु नॉरिसने दोन बेटे नोंदविली होती व त्याने दिलेली स्थाने खऱ्या स्थानाशी जुळत नव्हती. त्यामुळे त्याची माणसे उतरली ते बेट हेच, असे निर्विवादपणे दाखविणे कठीण झाले. शिवाय मधल्या शंभर वर्षांत ब्रिटनने तेथे कोणताही अधिकार बजावला नव्हता. केवळ शोधाने पूर्ण स्वामित्व सिद्ध होत नाही, त्याला सतत व प्रत्यक्ष अधिकाराची जोड लागते, हे तत्त्व पाल्मास बेटाच्या वादातील निवाड्यात १९२८ मध्येच स्पष्ट करण्यात आले होते. वाटाघाटींनंतर ब्रिटनने आपला हक्क सोडून दिला. २७ फेब्रुवारी १९३० च्या कायद्याने बूव्हे बेट नॉर्वेचा अधीन प्रदेश झाले. अंटार्क्टिक करार ६०° द. अक्षांशाच्या दक्षिणेकडील प्रदेशास लागू असल्याने तो या बेटास लागू होत नाही.

विसाव्या शतकातील मोहिमा : ताबा मिळाला, तरी बेटाने माणसाला थारा दिला नाही. १९२८–२९ मध्ये दुसरी ‘नॉर्व्हेगिया’ मोहीम हवामान केंद्र स्थापण्याच्या उद्देशाने आली, तेव्हा आदल्या वर्षी बांधलेली झोपडी वाहून गेल्याचे आढळले व केंद्रासाठी योग्य जागाही मिळाली नाही. १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ‘ट्रान्सव्हाल’ या युद्धनौकेने केलेल्या पाहणीचा निष्कर्षही तसाच होता. त्यानंतर थोड्याच काळात निसर्गानेच ही अडचण काही प्रमाणात दूर केली. वायव्य किनाऱ्यावरील कड्याचा मोठा भाग कोसळून समुद्रालगत एक सखल, बर्फमुक्त मंच तयार झाला. १ जानेवारी १९५८ रोजी ‘वेस्टविंड’ या अमेरिकन हिमभंजक जहाजावरून तो प्रथम दिसला. न्यूरॉइसा, म्हणजे ‘नवा दगडांचा ढीग’, असे त्याचे नॉर्वेजियन नाव आहे. हाच भाग पुढे सील व पेंग्विन यांची प्रमुख वसाहत आणि संशोधकांचे उतरण्याचे मुख्य ठिकाण बनला.

एप्रिल १९६४ मध्ये ब्रिटिश व दक्षिण आफ्रिकी पथक हेलिकॉप्टरने न्यूरॉइसावर उतरले, तेव्हा तेथील लहानशा तळ्यात एक बेवारस होडी आढळली. तिच्यावर कोणत्याही देशाची खूण नव्हती आणि माणसांचा मागमूसही नव्हता. दीर्घकाळ गूढ ठरलेली ही होडी नोव्हेंबर १९५८ मध्ये सोव्हिएट देवमासे-शिकार ताफ्यातील जहाजावरून उतरलेल्या तुकडीची असावी व खराब हवेमुळे ती मागे टाकून माणसांना हेलिकॉप्टरने परत नेण्यात आले असावे, असा उलगडा पुढे करण्यात आला. २२ सप्टेंबर १९७९ रोजी बूव्हे बेट व प्रिन्स एडवर्ड बेटे यांच्या दरम्यानच्या टापूत अणुस्फोटासारखी दुहेरी प्रकाशझोत अमेरिकेच्या ‘व्हेला’ उपग्रहाने टिपली. तिच्या कारणाबद्दल अधिकृत रीत्या एकमत झालेले नाही.

संरक्षण व संशोधन : १७ डिसेंबर १९७१ पासून संपूर्ण बेट व त्याचा प्रादेशिक सागर निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले आहे. १९७७ मध्ये न्यूरॉइसावर स्वयंचलित हवामान केंद्र बसविण्यात आले. १९७८–७९ मध्ये नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेच्या मोहिमेने भूविज्ञान व जीवविज्ञान यांविषयी विस्तृत अभ्यास केला. १९९६ मध्ये तेथे संशोधन केंद्र उभारण्यात आले. परंतु २००६ मधील भूकंपाने त्याचा पाया खिळखिळा झाला आणि नंतरच्या वादळात ते समुद्रात वाहून गेले. २००७ मध्ये उपग्रहाने घेतलेल्या चित्रात केंद्राची जागा रिकामी दिसली, तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. २०१४ मध्ये नवे केंद्र बांधण्यात आले. त्यात सहा संशोधक काही महिने राहू शकतात. कायम वस्ती मात्र नसते. क्रिल, सील व पेंग्विन यांच्या संख्येतील चढउतारांचा अभ्यास हा तेथील संशोधनाचा मुख्य विषय आहे.

शोधाच्या वेळी बूव्हेने ज्या सुपीक भूमीची अपेक्षा केली होती, तिचा येथे मागमूस नाही आणि देवमासे-शिकारीसाठी नॉर्वेला हवे असलेले ठाणेही येथे उभे राहिले नाही. बेटाचे महत्त्व वेगळ्याच दिशेने वाढले. मानवी हस्तक्षेप अत्यल्प असलेल्या मोजक्या सागरी परिसंस्थांपैकी ही एक असल्याने दक्षिण महासागरात होणारे बदल ओळखण्यासाठी ती तुलनेचा आधार पुरविते. ज्या दुर्गमतेमुळे बेटाचे अस्तित्व दीड शतक अनिश्चित राहिले, तीच त्याच्या निसर्गाचे रक्षण करीत आली आहे.